सुतारमेट : दार कुजतं ते खालून

पावसाळा लागला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. उन्हाळ्यात लोक देव्हारे आणि पलंग विचारतात, आणि मिरगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले की सगळ्यांचं दार अडकलेलं असतं. यावेळी बाहेरच्या दारांचेच प्रश्न घेतले आहेत. बेळगावजवळ वडगावातल्या आमच्या मेटावर, म्हणजे सुतारकामाच्या जागेवर, ४६ वर्षं काम करताना जे हाताला कळलं, त्यावरून उत्तरं देतो.

प्रश्न : मिस्त्री काका, एप्रिलमध्ये आम्ही खानापुरात नवीन घरात राहायला आलो. पुढचं दार सागवानी, साडेतीन फूट बाय सात फूट. जुलैत ते इतकं फुगलं की खांदा लावल्याशिवाय बसत नाही. सुतार म्हणतो, येऊन रंधा मारून देतो. मारू द्यावा का?
— एक वाचक, खानापूर

नका मारू देऊ. जुलैत काढलेलं लाकूड मार्चमध्ये परत चिकटवता येत नाही. आज रंधा मारलात तर उन्हाळ्यात दार आणि चौकट यांच्यामधून बोट जाईल, आणि मूळ दुखणं तसंच राहिल्यामुळे पुढच्या पावसात दार पुन्हा अडकेल ते वेगळंच.

आधी दार फुगलंय की लोंबलंय ते बघा. बिजागरीच्या बाजूला वर फट जास्त दिसते आणि कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतो, असं असेल तर दार लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून त्याच जागी लांब स्क्रू घाला, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. वरपासून खालपर्यंत कड सारखीच घट्ट असेल तर मात्र ते फुगलंय.

फुगण्याचा हिशोब एकदा समजून घ्या, म्हणजे सुताराशी बोलताना उपयोग होईल. लाकूड लांबीत वाढत नाही म्हटलं तरी चालेल, ते रुंदीत वाढतं. साडेतीन फुटी दार नुसत्या उभ्या फळ्या कडेला कड चिकटवून केलेलं असेल, तर खानापूरच्या उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना ते सेंटीमीटरभर सहज रुंदावतं, सागवान असलं तरी. तेच दार साडेचार इंची दोन उभे पट्टे, त्यांच्यात बसवलेले आडवे पट्टे आणि मध्ये पॅनेल असं केलं असेल, तर रुंदीत वाढतात ते फक्त दोन उभे पट्टे. म्हणजे सगळी मिळून वाढ दोन-तीन मिलिमीटर. आडव्या पट्ट्यांची लांबी वाढत नाही, आणि पॅनेल जे फुगायचं ते आपल्या खोबणीतल्या खोबणीत फुगतं. आपल्या जुन्या सुतारांनी पॅनेलचं दार दिसायला चांगलं म्हणून केलेलं नाही. पावसाळ्यात ते उघडावं-लागावं म्हणून केलंय.

पण त्यासाठी पॅनेल खोबणीत मोकळं असायला हवं, आणि इथेच माझ्या हातून एकदा चूक झाली. १९८९ साली जांबोटीच्या बाजूला एका घराचं दार केलं. घरमालकांना पॅनेल दाबलं की किंचित हलतं ते पसंत पडेना. मीही तरुण होतो. खोबणीत डिंक भरला आणि वरून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून पॅनेल गच्च केलं. पावसाळा निभावला. फेब्रुवारीत निरोप आला म्हणून गेलो, तर दोन्ही पॅनेलं वरून खालपर्यंत चिरलेली. दार बंद केलं की उन्हाची एक सरळ रेघ सोप्यातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडत होती. लाकूड आक्रसायला निघालं, चारी बाजूंनी धरून ठेवलं होतं, मग मधूनच फाटलं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला एका शब्दानं बोल लावला नाही. नवीन सागवान स्वतः निवडून दिलं आणि ते दार मला पदरमोड करून परत करायला लावलं.

आता तुमच्या दाराकडे. घरातला छोटा आरसा घ्या, दार अर्धं उघडा आणि आरसा जमिनीवर ठेवून दाराच्या खाली सरकवा. माझी खात्री आहे की खालची कड कोरी दिसेल. रंगारी पुढून, मागून आणि बाजूंनी पॉलिश मारतो, पण दार बसवून झालेलं असतं, म्हणून खालच्या कडेला ब्रश जातच नाही. त्या कडेला उभ्या पट्ट्यांची तोंडं असतात. लाकडाचं तोंड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, फळीच्या अंगापेक्षा ते कितीतरी पटीनं पाणी ओढतं. पायरीवर आपटून उडालेलं पावसाचं पाणी, रोजचं फरशी पुसणं, सगळं तिथूनच वर चढतं. मी आजवर उतरवलेली कुजकी दारं शंभरावर असतील. वरून कुजलेली त्यात फारच थोडी निघाली.

तेव्हा सध्या घासतं तिथे मेणबत्ती चोळा आणि दिवस काढा. दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली की दार उतरवून आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवा. मग खालच्या आणि वरच्या कडेला तेल किंवा रंग पिईल तेवढा पाजा, किमान तीन हात. त्यानंतरही घट्ट वाटलं तर खुशाल रंधा मारा. कोरड्या दिवसांत दार बसवताना भोवती तीन मिलिमीटर फट हवीच. रुपयाची दोन नाणी एकावर एक धरून ती चौकटीभर फिरली पाहिजेत. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे घर असेल तर त्याहूनही जरा जास्त.

प्रश्न : आमच्या सासूबाई रोज पहाटे उंबऱ्यावर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात. उंबरा आणि चौकटीचे पाय खालून मऊ पडले आहेत. घरातले सगळे पाण्याला दोष देतात आणि त्या दुखावतात. काही उपाय आहे का?
— एक वाचक भगिनी, येळ्ळूर

ताई, सासूबाईंना काही सांगू नका. त्यांच्या तांब्याभर पाण्यानं उंबरा कुजत नाही. जुन्या घरांत चार-चार पिढ्यांनी उंबरा पुजला, आमचे कानडी शेजारी होस्तिलाची पूजा अशीच रोज करतात, आणि ते उंबरे अजून शाबूत आहेत. पाणी पडलं तर लाकूड सोसतं. पाणी साचून राहिलं तर सोसत नाही.

फरक कुठे पडला ते सांगतो. पूर्वी लाकडी उंबरा दगडावर टेकवलेला असायचा आणि त्याच्या वरच्या अंगाला बाहेरच्या बाजूला हलकासा उतार असायचा. पाणी घातलं की ते पायरीवर ओघळायचं. आता गवंडी आतून-बाहेरून फरशी थेट चौकटीला भिडवतो आणि सांध्यात पांढरं सिमेंट भरतो. वर्षभरात तिथे केसाएवढी चीर पडते. पाणी आत जातं, आणि परत यायला वाट नसते. चौकटीचे पाय फरशीत गाडलेले असतील तर ते बारा महिने ओलेच. उघड्यावर असलेलं लाकूड भिजतं आणि वाळतं. गाडलेलं वाळतच नाही.

आधी किती कुजलंय ते बघा. टोच्या किंवा बारीक पेचकस घेऊन पायाला खालून वर दर दोन इंचांवर टोचा. जिथे तो अर्धा इंच विनासायास घुसतो तिथे लाकूड गेलेलं. जिथे टण् करून अडतो तिथून पुढे निरोगी. सहसा सहा ते नऊ इंचच गेलेलं असतं, आणि त्यासाठी अख्खी चौकट उपटायची गरज नाही. निरोगी लाकूड सुरू होतं त्याच्याही दोन इंच वरून पाय तिरपा कापायचा, आणि तसाच तिरका माथा केलेला सागाच्या गाभ्याचा नवा तुकडा खाली जोडायचा. हा तिरकेपणा कुठल्या बाजूला ते महत्त्वाचं. उतार बाहेरच्या अंगाला हवा, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी सांध्यात न शिरता बाहेर पडेल. सांधा लाकडी खुंट्यांनी पक्का करायचा. कुजक्या भागात सिमेंट किंवा पुट्टी भरून वरून रंग मारणारा भेटेल, त्याला नको म्हणा. त्यानं ओल आत कोंडते आणि कूज वर चढते.

नव्या पायाखाली दगडाची चीप ठेवा, फरशी पाव इंच मागे कापून घ्या, उंबऱ्याला बाहेर उतार काढून घ्या. पूजा झाल्यावर ओलं हळदकुंकू कोपऱ्यात तसंच न ठेवता कोरड्या फडक्यानं टिपायचं काम तुम्ही घ्या. एवढंच.

प्रश्न : आमच्या परड्यातला जुना फणस गेल्या वादळात पडला. बुंधा दोन माणसांच्या कवेत मावेल एवढा. त्याचं पुढचं दार होईल का, की सागवानच आणू? आणि सुतार नीट करतोय हे आम्हाला कसं कळावं?
— एक वाचक, जांबोटी परिसर

होईल, आणि चांगलं होईल. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पहिल्यांदा हळदीसारखा पिवळा दिसतो, चार-पाच वर्षांत तपकिरी होत सागाच्या शेजारी बसतो. कोकणात घरंच्या घरं फणसाच्या लाकडावर उभी आहेत. घाई मात्र करू नका.

बुंधा लवकर कापून घ्या, ओंडका पडून राहिला तर तोंडाला चिरा जातात. दोन इंची फळ्या पाडा. कापल्या दिवशीच फळ्यांच्या दोन्ही तोंडांना जाड रंग, नाहीतर मेण लावा. आमचे आण्णा शेण लिंपायचे. तोंडातून पाणी पटकन निघून जाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून फूटभर उंच थप्पी लावा. दर दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत, नाहीतर फळ्या वाकतात. वर वजन ठेवा. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, हा आमच्याकडचा ठोकताळा. म्हणजे तुमचं दार दोन वर्षांनी. तोवर साधं फळकूट लावून भागवा. खानापूरच्या पावसाळी हवेत त्याहून लवकर केलेलं फणसाचं दार मी तरी माझ्या नावानं देणार नाही.

सागवानच घ्यायचं ठरलं तर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. गाभा किती आणि पांढरा भाग किती. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला सागवान म्हणण्यात अर्थ नाही, कीड त्याला आंब्याच्या लाकडासारखीच खाते. सागाचं सगळं सामर्थ्य गाभ्यातल्या तेलात आहे. कोवळ्या लागवडीच्या झाडात गाभा थोडा आणि पांढरं जास्त. दुकानात पट्ट्यांना आधीच रंगाचा हात मारलेला असेल तर एका कोपऱ्यावर रंधा फिरवायला सांगा. गाभा सोनेरी तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. दांडेलीच्या जंगलातलं जुनं सागवान आम्ही पूर्वी या वासावरून निवडायचो.

बाकी झाडांचं थोडक्यात. ऐन, ज्याला तुमच्याकडे मत्तीही म्हणतात, ताकदीचा, पण वाळताना चिरतो आणि पिळतो. चौकटीला चालेल, फळीला नको. शिवण हलकी आणि हवा बदलली तरी जागची हलत नाही, पॅनेलला छान. जांभा (दगड नव्हे, झाड) चौकटीला उत्तम, पण हत्यारांची धार खातो. आंबा आणि सिल्व्हर ओक बाहेरच्या दाराला अजिबात नकोत.

आता सुताराचं काम बघायचं ते जोडात. आडव्या पट्ट्याच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू, आणि ते ज्यात बसतं ते उभ्या पट्ट्यातलं भोक. कुसू पट्ट्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाचं असावं आणि ते उभ्या पट्ट्यातून आरपार गेलेलं असावं. दार उभं करून त्याची बाजूची कड बघा, तिथे कुसवाचं तोंड दिसलं पाहिजे आणि त्याच्या वर-खाली दोन पाचरी. भोक बाहेरच्या अंगाला थोडं रुंद कोरलेलं असतं. पाचरी ठोकल्या की कुसू तिथे फुलतं आणि मग ते मागे सरकू शकत नाही.

त्यावर खुंटी. हे मी आण्णांकडून शिकलो, आणि कुठल्याही स्क्रूपेक्षा माझा यावर भरवसा जास्त आहे. आधी उभ्या पट्ट्यातून गिरमिटानं भोक पाडायचं. मग कुसू आत घालून त्याच भोकातून खूण करायची आणि कुसू परत बाहेर काढायचं. कुसवातलं भोक खुणेवर पाडायचं नाही, दीड मिलिमीटर आडव्या पट्ट्याच्या अंगाकडे सरकवून पाडायचं. आता कुसू आत घालून बाभळीची निमुळती खुंटी ठोकली की दोन भोकं जुळायला धडपडतात आणि आडवा पट्टा आपणहून उभ्या पट्ट्याला येऊन भिडतो. ठोक्याचा आवाज बदलत जातो. सुरुवातीला पोकळ, मग जड, मग एकदम दगडावर मारल्यासारखा. तिथे थांबायचं. आणखी एक ठोका मारला तर खुंटी तुटते. असा जोड पुढे डिंक मेला तरी सुटत नाही, आणि पन्नास वर्षांनी दार दुरुस्त करायचं झालं तर पाचरी कोरून आणि खुंटी ठोकून काढून सगळं सुटं करता येतं.

तुमचा सुतार जोडावर फक्त चुका आणि डिंक वापरत असेल तर त्याला प्रेमानं विचारा, कुसू आरपार का नाही. ज्याला येतं तो खूश होऊन दाखवेल.

एक सांगायचं राहिलं. सागवानाच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून जोड रंधून झाल्यावर त्याच दिवशी चिकटवायचा. आणि पावसाच्या तोंडावर दार असेल तर खालच्या आडव्या पट्ट्यावर बाहेरून एक उतरती पट्टी लावून घ्या. तिच्या पोटाला एक बारीक खोबण मारलेली हवी. ओघळ पट्टीच्या पोटाखालून दाराकडे यायला निघतो आणि त्या खोबणीशी तुटून खाली पडतो.

प्रश्न : आमच्या शहापुरातल्या जुन्या वाड्याचं दोन फळ्यांचं दार भंगारवाला चांगली किंमत देऊन मागतोय. मुलं म्हणतात, लोखंडी सेफ्टी दार बसवू. मला मन होत नाही. ठेवण्यासारखं आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, शहापूर

आजोबा, ठेवा. मुलांना माझ्या नावानं सांगा.

शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासूनची दारं अजून त्या गल्ल्यांत आहेत आणि मी त्यातली बरीच दुरुस्त केली आहेत. तुमचं दार जवळून बघा. त्याला बिजागरी नसेल. कडेच्या फळीतूनच वर आणि खाली खुंट काढलेला असेल, खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरणारा, वरचा चौकटीच्या माथ्यामागच्या लाकडात. दोन इंची फळ्यांचा सगळा भार त्या खळग्यातून दगडात उतरतो. बिजागरीवर टांगलेल्या दाराचं सगळं वजन चार स्क्रू पेलतात, म्हणून ते लोंबतं. तुमचं दार लोंबायला जागाच नाही. मागच्या बाजूला आडपट्ट्या असतील आणि पुढच्या फुल्यांचे खिळे मागे वाकवून लाकडात परत ठोकलेले असतील. असा खिळा दोन पिढ्यांनंतरही ढिला होत नाही. आणि भिंतीत सरकणारी आगळ असेल. कडीचा कोयंडा पहारीनं उचकटता येतो, रात्री भिंतीत चार बोटं शिरलेली आगळ बाहेरून कोण काढणार?

दार करकरत असेल तर खालच्या खळग्यातली माती काढून एरंडेल तेल सोडा. खालचा खुंट झिजला असेल तर पट्टीचा सुतार नवा खुंट बसवून देईल.

रंगाचे जुने थर काढायचे असतील तर कोरडा पॉलिशपेपर घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ नातवंडांच्या पोटात जाऊ नये. ओलं करून खरवडा, खरवडलेलं सगळं कागदावर गोळा करा, आणि तेवढे दिवस मुलांना दुसऱ्या दारानं जाऊ द्या.

प्रश्न : बाहेरच्या दाराला पॉलिश कोणतं?
— एक वाचक, निपाणी

लाखेचं फ्रेंच पॉलिश बाहेर नको, पाण्यानं पांढरे डाग पडतात. चकचकीत वॉर्निश पहिली दोन वर्षं देखणं दिसतं, पण उन्हानं त्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि पापुद्रे सुटतात, मग सगळं खरवडून काढावं लागतं. मी जवसाचं उकळलेलं तेल लावतो, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतो तेच. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन, म्हणजे तेल खोल जातं. पुढचे दोन हात नुसत्या तेलाचे. दर हातानंतर अर्ध्या तासानं लाकडानं न प्यालेलं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं. निपाणीच्या उन्हात दरवर्षी दिवाळीच्या आधी एक हात, तोही तासाभराचं काम. खानापूर-चंदगडकडे लोक काजूच्या टरफलाचं तेल लावतात. कीड रोखायला ते फार चांगलं, पण कातडी भाजतं. हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या अंगणात दोरीवर सुट्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.